गाळलेला नंबर

कॉम्प्युटरने मान टाकली ती दोन वाजून दहा मिनिटांनी. माउस आत्ता हलवावा तर बाण अर्ध्या मिनिटाने सरके. कोपऱ्यातल्या फुलीवर दाबलं, काही नाही. परत दाबलं, तर पडदा पांढराफटक पडला आणि पाटी आली: प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही, वाट पाहा. वाट पाहा म्हणे! तीन वाजता तिची टायपिंगची परीक्षा होती, ह्याच मशीनवर, अर्ध्या तासाची, आणि पुन्हा संधी नाही.

जागा होती तीन तासांवरच्या एका रुग्णालयात. टायपिस्टची, राहायला खोलीसकट. त्या खोलीसाठी तर तिचा जीव अडकला होता. अकरा वर्षं ती ह्या घरात बसून डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करत होती. बोटं अशी चालायची की शेजारीण म्हणे, अगं, पत्र्यावर गारा पडतात की काय तुझ्याकडे! पण बोटं चालून काय उपयोग, पाय चालायला हवेत ना. घराचं दार ओढलं की आपोआप लागायचं, आणि किल्ली एकच, नवऱ्याच्या जुडग्यात. "दुसरी कशाला? हरवशील," म्हणायचा. म्हणजे बाहेर पडलात तर साहेब कामावरून येईपर्यंत पायरीवर बसा. दोनदा बसली होती बिचारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चौकशांना उत्तरं देत. मग बाहेर पडणंच सुटलं. बाहेरून कुलूप न घालता माणूस कसा कोंडावा, हे त्याच्याकडून शिकावं.

तो कारखान्यात स्टोअरकीपर, आणि घरीही स्टोअरकीपरच. टाकून देणं त्याच्या रक्तातच नव्हतं. वाकडा खिळासुद्धा डब्यात जायचा आणि डब्याला नंबर पडायचा. घरातल्या प्रत्येक वस्तूवर नंबराची चिठ्ठी: आधी खोली, मग फळी, मग वस्तू. ह्या टेबलावरचा कॉम्प्युटर एकवीसशे एक, खुर्ची एकवीसशे दोन, दिवा एकवीसशे चार. "आणि तीन कुठे गेला हो?" तिने एकदा विचारलं होतं. "गाळला गेला मोजताना," म्हणून तो हसला होता.

आज सकाळी निघताना मात्र फार गोड बोलला. "कॉम्प्युटर अडकतोय ना? अडकू दे. दुपारी छान झोप काढ." परीक्षेचं तिने त्याला सांगितलं नव्हतं. उगाच पाल चुकचुकली होती मनात, पण तिने ती हाकलली.

तिच्याकडे बटणांचा जुना फोन होता. त्यावरून तिने दुरुस्तीवाल्या काकांना गाठलं. रिपोर्ट पाठवणाऱ्या दवाखान्याची सगळी मशीनं तेच बघायचे. आवाज घोगरा, जीभ तिखट.

"आधी रडणं बंद कर, पोरी. मशीनला दया येत नसते. तीन बटणं सांगतो, ती एकदम दाब."

तिने दाबली. बऱ्याच वेळाने चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली.

"आता बघ, सगळ्यात जास्त कोण खातंय?"

"'सहायक' नावाचं काहीतरी आहे, काका. सगळं तेच खातंय."

"आयतोबा दिसतोय. कर बंद."

तिने बंद केला. बाण सुटा झाला, तिला हायसं वाटलं. चार श्वास घेते न घेते तोच सहायक परत यादीत हजर! पुन्हा बंद केला, पुन्हा आला. कुत्र्याचं शेपूट बरं म्हणायची पाळी आली. तिसऱ्यांदा चौकट उघडली आणि चार आकडी नंबर मागू लागली.

फोनवर काकांनी चौकटीतला शब्दन् शब्द वाचून घेतला, आणि त्यांचा आवाज खाली आला. तिखट माणूस हळू बोलू लागला की जास्त भीती वाटते.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "हा आपोआप येत नाही. कुणीतरी मुद्दाम बसवावा लागतो. दर दोन सेकंदाला तुझ्या पडद्याचा फोटो काढून ठेवतो. जुने पुसायची सोय असते त्यात, पण बसवणाऱ्याने ती बंद केलेली दिसते. डिस्क गच्च भरली असणार. आता नव्या फोटोंना जागा शोधत सगळी ताकद खातोय, म्हणून अडकतंय सगळं."

जुने न पुसणारा माणूस ह्या घरात एकच होता.

काकांनी सांगितलं तिथे तिने जाऊन पाहिलं. चौदा महिन्यांचे फोटो. तिने टाइप केलेली ओळन् ओळ, बहिणीला लिहिलेली पत्रं, न पाठवता खोडलेली पत्रंसुद्धा. आणि वरच्या बाजूला, गेल्या मंगळवारचा रुग्णालयाचा अर्ज. त्याच्यावर 'पाहिले' अशी हिरवी खूण. तिला शरम वाटली, आणि शरम आपल्याला का वाटावी ह्याचा संताप आला. मंगळवारी रात्री हाच माणूस शेजारी बसून जेवला होता, मीठ कमी आहे म्हणाला होता!

"नंबर माहीत आहे का?" काकांनी विचारलं. "आणि ऐक, नंबर टाकून बंद केलास की बसवणाऱ्याच्या फोनवर घंटी जाणार. मग तुझं तू बघ. मी येऊ का?"

"तुम्हाला यायला तास लागेल, काका."

घड्याळात दोन वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती. कारखाना सायकलवर पंचवीस मिनिटं. बंद केलं तर तो सव्वातीनपर्यंत दारात. नाही केलं तर परीक्षा गेली, खोली गेली, आणि पुढची अकरा वर्षं मीठ कमी आहे का जास्त ते ऐकत बसायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

तिने कॉम्प्युटरवरच्या चिठ्ठीचा नंबर टाकला, एकवीसशे एक. चूक. पाटी आली, आता एकच प्रयत्न उरला.

तिची नजर टेबलावर फिरली. कॉम्प्युटर, खुर्ची, दिवा. एक, दोन, चार. कारखान्यातला नट कमी झाला तर रात्र जागवणारा माणूस मोजताना चुकतो होय? खुर्ची आणि दिवा ह्यांच्या मध्ये काय असतं? ती बसलेली असते. अगं आई गं. चिठ्ठी तेवढी चिकटवली नव्हती तिला.

तिने टाकलं: दोन, एक, शून्य, तीन.

सहायक गेला आणि परत आला नाही. बाण पाण्यासारखा पळू लागला.

"गेला!" ती म्हणाली. "ठेवते, काका."

"बोटं सांभाळ," काका म्हणाले. "बाकीचं नंतर रड."

उठून तिने दाराची आतली कडी घातली. इतक्या वर्षांत ती कडी कुणी लावलीच नव्हती. गंजून बसली होती, अंगठा सोलला तेव्हा बसली. ठीक तीनला तिने परीक्षा उघडली आणि गारा सुरू झाल्या.

तीन वाजून सोळा मिनिटांनी दारात किल्ली फिरली. किल्ली फिरली, दार नाही फिरलं. मग थाप पडली, मग मूठ.

"अगं ए! उघड!"

ती टाइप करत राहिली. चूक झाली, तिने सुधारली. दार हादरत होतं, सोललेला अंगठा दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचं बटण दाबताना दर वेळी ठणकत होता. शेजारणीने खिडकीतून काय झालं म्हणून विचारल्याचं ऐकू आलं, तशी बाहेरची मूठ थोडी दमली. मग तो दाराला तोंड लावून बोलू लागला, काळजीपोटी केलं, तुझ्याच भल्यासाठी केलं, माझं ऐक. तिला एकेक शब्द ऐकू येत होता आणि तरी बोटं दुसरेच शब्द लिहीत होती.

साडेतीनला पडदा थांबला. अडकला की काय, म्हणून तिने माउस हलवून पाहिला. पण अडकला नव्हता, मोजत होता. मग पाटी आली: उत्तीर्ण, सोमवारी सकाळी कागदपत्रांसह हजर राहावे.

तिने ती पाटी दोनदा वाचली. मग कपाटातून कागदांची पिशवी काढली, पायात चपला सरकवल्या आणि दाराशी आली.

"आत कोण आहे?" तो ओरडत होता. आवाज चिरकला होता. "खरं सांग, तुझ्याबरोबर आत कोण आहे?"

"कुणी नाही हो," ती कडीला हात घालत म्हणाली. "चौदा महिन्यांत आज पहिल्यांदाच कुणी नाही."

आणि तिने कडी काढली.