मांडवातले तीन दिवे

धारच्या शाळेतले भास्कर मास्तर सहा वर्षे वीज खडूने शिकवत होते. फळ्यावर दिवा काढायचा, बाणांनी प्रवाह दाखवायचा आणि तास संपला की सगळी वीज फडक्याने पुसून टाकायची. सरदार उदाजीरावांनी मुलीच्या लग्नासाठी मुंबईहून तेलाचे इंजिन आणि डायनॅमो आणवला, आणि मांडवात दिवे नीट लागले तर हे यंत्र शाळेला देईन असे बोलून गेले, तेव्हापासून मास्तरांची झोप उडाली.

दिवे तीनच होते. मास्तरांनी एक वरपक्षाच्या बैठकीवर टांगला, दोन मुलीकडच्यांवर, आणि तिन्ही समांतर जोडले. डायनॅमोचा दाब एकशेदहा व्होल्ट, दिव्याचा रोध दोनशेवीस ओहम. म्हणजे ज्याला त्याला अर्धा अँपियर. दुपारी लावून पाहिले तर तिन्ही झक्क पेटले.

घोटाळा तिथेच झाला. देवासहून आलेले वराचे काका विश्वासराव यांनी विचारले, वीज आधी कोणाकडे येते? मास्तर म्हणाले, तिघांकडे एकदम आणि सारखीच. विश्वासरावांचा चेहरा उतरला. पंगतीत आधी वरपक्षाला वाढतात; विजेला एवढी रीत नको? वीज आधी आमच्या दिव्यातून जाईल, मग मुलीकडे. नाहीतर मुलगा बोहल्यावर चढणार नाही.

गोरज मुहूर्ताला दोन तास उरले होते. उदाजीरावांनी मास्तरांना बाजूला घेऊन शांतपणे सांगितले की व्याही रुसले, तर डायनॅमो शाळेत न जाता विहिरीत जाईल.

वीज वाढप्यासारखी पातेले घेऊन फिरत नाही, दिव्यात जेवढी शिरते तेवढीच बाहेर पडते, हे मास्तरांनी समजावून पाहिले. विश्वासरावांनी सगळे ऐकून घेतले आणि तीच मागणी पुन्हा केली.

शेवटी मास्तरांनी पाटी घेतली. वरपक्षाचा दिवा एकसर, त्याच्यापुढे मुलीकडचे दोन समांतर. त्या दोघांचा मिळून रोध एकशेदहा, वरपक्षाचा दोनशेवीस, एकूण तीनशेतीस. प्रवाह अँपियरचा तिसरा हिस्सा. तो सगळा विश्वासरावांच्या दिव्यातून, पुढे दोघांत निम्मा निम्मा.

"म्हणजे आम्हांला त्यांच्या दुप्पट?"

"दुप्पट. पण मघाशी मिळत होता त्याहून कमीच."

"ते राहू द्या. दुप्पट ना?"

उदाजीरावांच्या थोरल्या बहीण अक्का शेजारीच सुपारी कातरत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "मास्तर, आमच्यातला एक मालवला तर?"

मास्तरांनी मांडून पाहिले. दोनशेवीस आणि दोनशेवीस, चारशेचाळीस. पाव अँपियर, दोघांना सारखाच. अक्कांनी "बरं" म्हटले आणि अडकित्ता मिटला.

तिन्हीसांजेला इंजिन धडधडू लागले. विश्वासरावांवरचा दिवा पिकल्या संत्र्यासारखा तांबूस झाला, मुलीकडचे दोन विझत्या निखाऱ्यासारखे. भटजी पोथी नाकाला लावून मंत्र म्हणू लागले. एक मामा नवऱ्या मुलाला भलतीकडेच शोधत होते. वरपक्ष मात्र प्रसन्न होता.

तेवढ्यात अक्का उठल्या आणि आपल्याकडच्या एका दिव्याची चावी फिरवली. विश्वासरावांचा दिवा एकदम मंदावला आणि मुलीकडच्या उरलेल्या दिव्याच्या बरोबरीला आला. विश्वासरावांनी मास्तरांना बोलावून घेतले. यंत्र ठीक आहे, मास्तर म्हणाले. त्यांचा दिवा लागला की आपला वाढेल.

"आणि त्यांनी दुसराही मालवला तर?"

"मग आपलाही जाईल."

अक्कांचा हात दुसऱ्या चावीकडे निघालाच होता. विश्वासराव शेला सावरीत उठले आणि सगळा मांडव ओलांडून मुलीकडच्या बैठकीपाशी आले. अक्षता पडायच्या आधी वराच्या काकांनी हात जोडलेले कोणी पाहिले नव्हते, आणि त्या उजेडात आताही फारसे कोणाला दिसले नाहीत.

"अक्कासाहेब, तेवढा दिवा लावा."

"लावते की. पण दुपारी होते तसेच लावू द्या मास्तरांना. नवरीचं तोंड तरी दिसेल तुम्हांला."

विश्वासरावांनी मान डोलावली. मास्तरांनी इंजिन थांबवून, पणतीच्या उजेडात तारा सोडवल्या, पुन्हा समांतर जोडल्या. मांडव लख्ख उजळला. मामांना मुलगा सापडला, अक्षता पडल्या, आणि उदाजीराव हसत म्हणाले, "सोमवारी गाडी आणा, मास्तर."

लग्न शुक्रवारचे होते. सरदारांचे मन सोमवारपर्यंत टिकेल याचा भरवसा मास्तरांना नव्हता. शनिवारी उजाडताच, वरात निघायच्या आधी, ते बैलगाडी आणि यंत्र बांधायला चार दोरखंड घेऊन दाराशी उभे होते.