पाटीवरचं नाव

एर्लिंदाने आधी डाव्या कानातली कुडी काढली, मग उजव्या. दोन्ही निळ्या ट्रेमध्ये ठेवल्या. घड्याळ कधीच काढून ठेवलं होतं. शेवटी खिशातून जपमाळ काढली आणि ती मात्र मुठीत धरून उभी राहिली.

"तीसुद्धा, बाई," ट्रे धरलेली मुलगी हळूच म्हणाली. "आत फक्त पासपोर्ट चालतो."

असं म्हणताना ती गुडघ्यांत वाकली, आपलं डोकं बाईंच्या खांद्याच्या वर जाऊ नये म्हणून. बँकॉकच्या या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर काळा कोट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून परीक्षार्थींची तपासणी करणारी ही तुकता. चौथीपासून नववीपर्यंत एर्लिंदाच्या हाताखाली शिकलेली. रोई-एत जिल्ह्यातल्या शाळेत गुरुवंदनेच्या दिवशी फुलांचं तबक घेऊन गुडघ्यांवर सरकत यायची, तेव्हाही अशीच खाली मान घालून.

"द्या हो ताई माळ," मागून गिल्बर्ट म्हणाला. तोही फिलिपिन्सचाच, शेजारच्या जिल्ह्यात शिकवणारा. "देवालासुद्धा नोंदणी केल्याशिवाय आत सोडत नाहीत इथे."

"गप रे."

"गप काय? चौदा वर्षं इंग्रजी शिकवलंत, आता इंग्रजी येतं का ते दाखवा म्हणे! उद्या कोळ्याला बोलावतील, पोहून दाखव बाबा."

एर्लिंदाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. संचालकांचं पत्र पर्समध्ये होतं, आणि पर्स खाली कपाटात. शुक्रवारपर्यंत परीक्षेचे गुण दाखवा, नाहीतर परवाना पुढे चालवता येणार नाही. तिच्या जागेवर यायला एक इंग्लंडचा मुलगा तयारच होता. हिंडायला म्हणून आला होता, याआधी कधी फळ्यासमोर उभा राहिलेला नव्हता. त्याला पस्तीस हजार बाट देणार होते. एर्लिंदाला अठरा मिळायचे. त्याला ही परीक्षा नव्हती. त्याच्या पासपोर्टचा रंग पाहिला की पुरे. त्या अठरांतूनच तिकडे मायदेशी, इलोइलोला, तिची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकत होती.

आज बुधवार. निकाल उद्या. त्यानंतरची परीक्षा थेट दीड महिन्याने.

आजची जागा मिळाली तीही तुकतामुळेच. सगळ्या जागा भरल्या होत्या. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. "बाई, एक जण गळला. जागा जायच्या आत मी तुमचा अर्ज भरून टाकते." आणि पाच मिनिटांत भरलाही. एर्लिंदाने त्या संध्याकाळी तिच्या नावाने मेणबत्ती लावली होती.

टेबलाशी बसलेले पर्यवेक्षक प्रसोंग पासपोर्ट आणि समोरची यादी आलटूनपालटून पाहत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"यादीत एर्लिंदा दुमालागान आहे. पासपोर्टवर आडनाव पांतोहा."

"दुमालागान माझ्या आईचं माहेरचं आडनाव," एर्लिंदा म्हणाली. "आमच्यात ते मधे लावतात."

"मधे लावा, नाहीतर कुठेही लावा. यादीतलं आडनाव पासपोर्टशी जुळलं पाहिजे."

एर्लिंदाला शाळेतलं आपलं टेबल दिसलं. त्यावरची लाकडी पाटी लहान होती. रंगाऱ्याने पहिली दोन नावं बसवली आणि तिसरं सोडून दिलं. पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. पण त्या वर्षीच आई गेली होती, आणि रोज सकाळी पुस्तकं ठेवताना तिचं नाव दिसलं की बरं वाटायचं. म्हणून राहिलं. सगळी शाळा तिला दुमालागान म्हणून ओळखू लागली. तुकताही. आणि आपल्या गुरूला तुमचं पूर्ण नाव काय, असं फोनवर कोण विचारील? विचारलं तर बाईंचं नावही विसरली म्हणायचे. प्रवेशपत्र आलं तेव्हा एर्लिंदानेही वाचलं होतं. रोजचंच नाव, नजर वरून निघून गेली.

तिने तुकताकडे पाहिलं. तुकताने मान वर केली नाही. तिच्या हातातल्या ट्रेमध्ये कुड्या किणकिणत होत्या.

"एक मार्ग आहे," प्रसोंग आवाज खाली आणून म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. "अर्ज आमच्या कुणी भरला असेल, तर चूक आमची. मग मी इथल्या इथे नाव दुरुस्त करतो, तुम्ही आत बसा. फक्त ज्याने भरला त्याचं नाव मला लिहावं लागेल. इथल्या माणसांना परीक्षार्थींचे अर्ज भरायला बंदी आहे. त्याला आजच घरी जावं लागेल." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सांगा. अर्ज कुणी भरला?"

गिल्बर्टने मागून तिला कोपराने ढोसलं. त्याला फोनची गोष्ट माहीत होती.

एर्लिंदा थांबली. एक श्वास, मग दुसरा. कशासाठी थांबली आहे, हे तिला ठाऊक होतं, आणि ट्रे धरलेल्या मुलीलाही.

ट्रेची किणकिण थांबली. तुकता गप्पच राहिली.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आई येशूच्या दुःखाची गाथा गायची. दोन दिवस गाणं चाले. बायका पाळीपाळीने बसत. पण येशूला पकडल्यावर त्याचा शिष्य पेत्र 'मी त्याला ओळखत नाही' म्हणाला, ते कडवं आई कुणाला देत नसे. ते ती इतक्या हळू गायची की अंगणातली पोरंही चूप होत. एकदा लहानग्या एर्लिंदाने चिडून पेत्राला भित्रा म्हटलं होतं. आईने गाणं थांबवलं नाही. ओळ पुरी केली आणि मग म्हणाली, "त्याला थंडी वाजत होती गं. शेकोटीपाशी बसायला जागा मिळाली होती त्याला."

"मीच भरला," एर्लिंदा म्हणाली.

"ताई!" गिल्बर्ट ओरडला.

"मीच भरला, साहेब. घाईत भरला."

प्रसोंगनी तिच्याकडे पाहिलं, मग तुकताकडे. पेनाचं टोपण पुन्हा लावलं. "मग माझा इलाज नाही," ते म्हणाले, आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला. "पुढचे या."

गिल्बर्ट पुढे झाला.

तुकताने ट्रे पुढे केला. एर्लिंदाने कुड्या घेतल्या, घड्याळ घेतलं. जपमाळ तुकताने स्वतः उचलून तिच्या तळहातावर ठेवली. तिची बोटं बर्फासारखी होती. मग ती वाकली, दोन्ही हात जोडून, अंगठे भुवयांना टेकेपर्यंत, आणि वाकलेलीच राहिली.

"जा," एर्लिंदा म्हणाली. "दार बंद होईल."

लिफ्टसमोर येऊन ती कुड्या घालू लागली. डावी बसली, उजव्या कानाचं भोक काही केल्या सापडेना. फोन कपाटात होता, पण त्यावर मुलीचा निरोप येऊन पडला असणार. कसा गेला पेपर?

मागे, अर्धवट लोटलेल्या दारातून सूचना ऐकू येऊ लागल्या. इंग्रजीतून. तुकता वाचत होती. आवाज पहिल्या वाक्याला कापला, मग ठीक झाला. शब्द स्वच्छ, घाई नाही. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबत होती. मागच्या बाकावरच्या मुलापर्यंत पोचावं म्हणून एर्लिंदा जेवढं थांबायची, तेवढंच. एर्लिंदाचे ओठ आपोआप हलू लागले. चूक एकही नव्हती.

"काही अडचण असल्यास," आतून आवाज आला, "हात वर करा."

बटणाकडे निघालेला एर्लिंदाचा हात, माळेसकट, तिथेच वर राहिला. मग दार पुरतं लागलं.