भिंतीचा दात

संघाने सलग सात सामने जिंकले आणि दातवालीचं कामातलं लक्ष उडालं.

वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाई लोकांचे दात तपासायच्या आणि खालच्या खोलीत ही त्यांच्या मापाच्या कॅपा आणि कवळ्या घडवायची. सव्वीस वर्षं हेच काम. हात इतका स्थिर, की कॅपवर रंगाची केसाएवढी रेघ ओढतानाही तो हलायचा नाही. पण या मोसमात त्या हाताचं काही खरं नव्हतं. मंगळवारी एका आजोबांच्या कवळीत तिने डावीकडची दाढ उजवीकडे लावली. बुधवारी प्लास्टर कालवता कालवता मनातल्या मनात गुणतक्ता मांडत बसली आणि भांड्यातच प्लास्टरचा दगड झाला.

एकोणीस वर्षं शहराचा हॉकी संघ तळाला होता. हरण्याचीही माणसाला सवय होते. रविवारी मैदानावर जायचं, हरायचं, पंचाला नावं ठेवायची आणि घरी येऊन पोटभर जेवून गाढ झोपायचं. आता जिंकायला लागल्यापासून घास गिळवत नव्हता. ती घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायची, धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. तिचा थोरला भाऊ तिच्या दुप्पट. त्याचं केस कापायचं दुकान होतं, घराच्या पुढच्याच खोलीत, आणि गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून तो पेनल्टी कॉर्नरवर व्याख्यान द्यायचा. साबण वाळून जायचा. वहिनी म्हणायची, संघ हरत होता तेव्हा तुम्ही दोघं माणसांत होतात.

सगळ्यांचा जीव गोलरक्षकावर होता. सात सामन्यांत त्याने चारच गोल खाल्ले होते. लोक त्याला भिंत म्हणायचे, इतके की त्याचं खरं नाव दुकानात कोणाला चटकन आठवायचं नाही. गुरुवारी सकाळी पेपरात आलं की सरावात चेंडू लागून भिंतीचा पुढचा दात तुटला. दादाने ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि वर स्वतःचं वाक्य जोडलं, ‘दात दिला, पण गोल नाही दिला.’ दुपारपर्यंत ते वाक्य अख्ख्या बाजारात फिरलं होतं.

आणि दुपारीच डॉक्टरीणबाईंनी त्या जबड्याचं माप खाली पाठवलं.

चिठ्ठीवरचं नाव दातवालीने दोनदा वाचलं. तिने मापात प्लास्टर ओतलं, ते घट्ट होईपर्यंत तीनदा उठून खिडकीपाशी गेली, साचा सोडवला आणि दिव्याखाली धरला. आधी तिला भिंतीचा जबडा हातात असल्याचाच आनंद झाला. मग सव्वीस वर्षांची नजर आपलं काम करू लागली.

दातांच्या कडा सपाट झाल्या होत्या. सुळ्यांना टोकंच उरली नव्हती. वरचा साचा खालच्यावर ठेवून जरा सरकवला, तर झिजेवर झीज अचूक बसली, पाट्यावर वरवंटा बसावा तशी. हे चेंडूचं काम नव्हतं. हा माणूस झोपेत दात खात होता, आणि तेही अलीकडे फार जोरात. त्यातच कमजोर झालेला दात गेला होता. आता तिला आठवलं की गोलरक्षकाच्या तोंडापुढे जाळी असते. चेंडू लागला कसा, हा साधा प्रश्न शहरात एकालाही पडला नव्हता. तिलाही नाही.

तासाभराने रंग जुळवायला तो स्वतः खाली आला. एकतिशीचा, दारात वाकून आत यावं लागेल इतका उंच, आणि बोलताना तोंडावर हात धरणारा. तिने रंगपट्टी त्याच्या दातांशी लावली, खिडकीच्या उजेडात दोनदा पाहिलं, आणि नजर पट्टीवरच ठेवून विचारलं,

“झोप लागत नाही का?”

तो म्हणाला, “लागते. पण झोपेत कोणीतरी सारखं चेंडू मारत असतं. सकाळी जबडा दुखतो. आधी असं नव्हतं, ताई. हरायचो तेव्हा मेल्यासारखा झोपायचो.”

“आम्हीही,” ती म्हणाली.

त्याने हसून पुन्हा तोंडावर हात घेतला. चेंडूची गोष्ट त्यानेच सांगितली होती; भीतीने दात खाऊन दात मोडला असं कोणत्या तोंडाने सांगणार? हे कुठे बोलू नका, एवढंच त्याने मागितलं. तिने शब्द दिला. केस कापणाऱ्याच्या बहिणीकडून असा शब्द मागणं म्हणजे काय, ते बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

ती वर जाऊन डॉक्टरीणबाईंशी बोलली. झीज त्यांनीही पाहिली होती, पण सामना होऊ दे, मग बघू, असं त्यांनी ठरवलं होतं. दातवालीने आताच हवं म्हणून धरलं. शुक्रवारी उशिरापर्यंत थांबून तिने कॅप केली, आणि झोपताना दातांवर बसवायचं एक पारदर्शक कवच केलं. त्या दिवशी तिचा हात एकदाही हलला नाही. शनिवारी तो दोन्ही घेऊन गेला.

रविवारी आठवा सामना संघ तीन-दोनने हरला. दोन गोल तर असे गेले, की एरवी भिंतीने ते डोळे मिटून अडवले असते. तिसऱ्या गोलाला चेंडू त्याच्या पायांमधून रांगत गेला. दातवालीच्या शेजारच्या माणसाने डोक्याला हात लावला आणि सामना संपेपर्यंत काढला नाही.

सोमवारी सकाळी दादाच्या दुकानात भिंतीच्या विटा मोजून काढणं चाललं होतं. एकजण म्हणाला, डोक्यात हवा गेली. दुसरा म्हणाला, पैसे खाल्ले असतील. दादा वस्तरा परजत म्हणाला, “झोपला होता काय मेला!”

पडद्यामागे दातवाली चप्पल घालत होती. ते शब्द तिच्या जिव्हारी लागले. ती पुढच्या खोलीत आली. सगळं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर सगळे गपगार झाले असते, आणि तासाभरात बाजारभर झालं असतं. तिने जीभ आवरली.

“दादा, आपण हरत होतो तेव्हाही हाच उभा होता तिथे,” एवढंच म्हणून ती पायऱ्या उतरली.

कामावर पोचली तर तो तिची वाट पाहत बसला होता. त्याने कवचाची डबी टेबलावर ठेवली.

“हे परत घ्या. शनिवारी रात्री आठ तास झोपलो, ताई. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. आणि रविवारी काय झालं ते पाहिलंत. ती भीतीच मला जागं ठेवत होती. शरीर सैल पडलं.”

दातवालीने डबीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिचा हात डबीकडे गेलाही. पुढच्या रविवारी पहिल्या क्रमांकाच्या संघाशी गाठ होती. याला दात खाऊ दे, रात्रभर तळमळू दे, पण चेंडू अडवू दे, असं तिच्या मनात क्षणभर आलंच. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली, की तिने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

“मला विचाराल तर मी परत घेईन,” ती म्हणाली. “मी प्रेक्षक आहे, मला जिंकायचंय. म्हणून मला विचारू नका. दात बनवणारी म्हणून सांगते, असेच दात खात राहिलात तर पाच वर्षांनी तुमची कवळी मी करत असेन. आणि एका झोपेवर कोणी हरत नाही. पायांमधून गेला तो चेंडू उसळून आला होता, मी पाहिलाय.”

“उसळला होता ना?” त्याने पटकन विचारलं, शाळेतल्या पोरासारखं.

“उसळला होता.” रांगत गेलेला चेंडू तिने दुसऱ्यांदा उसळवला.

त्याने डबी उचलली. घालीन असंही म्हणाला नाही, नाही असंही नाही.

तो आठवडा तिला खायला उठला. नवव्या सामन्यात शेवटची सात मिनिटं उरली, बरोबरी होती, आणि तिला बघवेना. दादाला सांगून ती उठली आणि प्रेक्षकांच्या पायऱ्यांमागे, पाण्याच्या नळांपाशी जाऊन उभी राहिली. तिथे साठीची एक बाई नळांमागच्या विटांच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“तुम्हालाही नाही बघवत?” दातवालीने विचारलं.

बाई म्हणाली की पहिल्या सामन्यापासून ती इथेच उभी राहते. मुलगा गोलात असतो. मग काही विचारलं नसताना सांगू लागली, बोलत राहिलं की वेळ जातो म्हणून. इतके दिवस मुलाच्या खोलीतून रात्री करकर आवाज यायचा. या आठवड्यात बंद झाला. दातांना काहीतरी लावून झोपतो म्हणे. “आता त्याला झोप लागते आणि मी जागी. आवाज का येत नाही म्हणून दोनदा उठून बघून येते.”

दातवालीला हसू आलं. आपण कोण ते तिने सांगितलं नाही.

पलीकडे एकदम गलका झाला. दोघींनी एकमेकींचे हात धरले. गलका आपला की त्यांचा, ते कळेना. मग शिट्टी झाली, आणि वरून दादाचा घोगरा आवाज आला, तिला शोधणारा. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर होता. भिंतीने आडवं पडून अडवला. बरोबरी राहिली, एक-एक.

“बरोबरी,” आई म्हणाली आणि नळाखाली तोंड धुवायला वाकली. “म्हणजे आता पुढच्या रविवारपर्यंत पुन्हा हेच.”

“हेच,” दातवाली म्हणाली, आणि तिच्या पदराला पाणी लागू नये म्हणून तो हातात धरून उभी राहिली.