आवाज बाहेर जाता कामा नये

सूनबाईच्या घराला चाकं होती, आणि त्या घराचा पहिला नियम असा, की ते घर आहे हे कुणालाही कळता कामा नये.

पूर्वी ती ब्रेडची व्हॅन होती. सूनबाईचा नवरा पहाटे उठून तिच्यातून दुकानोदुकानी ब्रेड पोचवायचा. एके दिवशी तो छातीत कळ येऊन बसल्याजागी गेला. पाठोपाठ भाड्याच्या खोल्याही गेल्या आणि मागे उरले सासरा, सून आणि ही व्हॅन. दुसरी एखादी माहेरी गेली असती. हिला माहेर म्हणून होता एक भाऊ, आणि त्यानं फोनवर तिला वृद्धाश्रमांची यादीच वाचून दाखवली. यादी संपायच्या आत सूनबाईनं फोन ठेवला आणि सुताराला बोलावलं.

सुतारानं काम झकास केलं, हे कबूल करायला हवं. दोन अरुंद पलंग, त्यांच्याखाली खण, एक घडीचं टेबल, कोपऱ्यात पाण्याची टाकी, छतावर सोलर आणि छतातच एक छोटा पंखा. खिडक्यांना आतून जाड चंदेरी पडदे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सामानाची गाडी उभी आहे. सासरेबुवांची तक्रार एकच होती. भिंतींचा ब्रेडचा वास काही जात नाही, त्यामुळे पोटभर जेवून झोपलं तरी तासाभरात भूक लागते.

सूनबाई मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. तापलेल्या रुळांमधून निघणाऱ्या चादरींच्या घड्या घालायच्या, सकाळी सात ते दुपारी तीन. व्हॅन लाँड्रीमागच्या कर्मचाऱ्यांच्या पार्किंगमध्ये, अगदी भिंतीला लागून उभी असे. ही बाई रोज सगळ्यांच्या आधी हजर असते आणि सगळ्यांच्या शेवटी जाते, म्हणून वरिष्ठ तिचं कौतुक करत. ती जातच नाही, हे त्या भल्या माणसांच्या डोक्यात कधी आलं नाही.

एकदा मात्र बिंग फुटलं होतं, पण ते आधीच्या जागी. एक अधिकारी आला. बोलायला फार गोड. गाडीत राहायला परवानगी नाही म्हणाला, आणि आजोबांचं वय आणि खोकला लिहून घेतला. पुन्हा सापडलात तर यांची सोय आम्ही आश्रमात करू, असंही हसतमुखानं सांगून गेला. त्याच संध्याकाळी सूनबाईनं गाडी हलवली. नंतरचे चार दिवस सासरेबुवा एकच प्रश्न विचारत राहिले.

"पोरी, मला तिथं पाठवणार नाहीस ना?"

तेव्हा सूनबाईनं नियम केले. कुणी दार ठोठावलं तर ओ द्यायची नाही. पंखा घरघरतो, म्हणून तो लगेच बंद करायचा. खोकला आला तर तोंडात टॉवेल धरायचा. आणि बाहेरून मी हाक मारली तरी उत्तर द्यायचं नाही, कारण माझ्याबरोबर कोण उभं आहे हे तुम्हाला दिसणार नाही. कुलपात माझी किल्ली फिरली की मगच बोलायचं. सासरेबुवांनी छत्तीस वर्षं ग्रंथालयात शिपाई म्हणून काढली होती, म्हणजे ओठांवर बोट ठेवून लोकांना गप्प करण्यातच त्यांची हयात गेली होती. त्यांनी नियम पाठ केले आणि शाळेतल्या मुलासारखे तिला म्हणून दाखवले. तिला हसू आलं होतं. नंतर आयुष्यभर तिला त्या हसण्याची लाज वाटणार होती.

त्या दिवशी पार्किंगमध्ये नवे पट्टे मारायचे होते. आठच्या आत गाड्या हलवा, अशी नोटीस कॅन्टीनच्या फळ्यावर तीन दिवस लागली होती. सगळ्यांनी ती वाचली. सूनबाईनं नाही वाचली, कारण जेवायच्या सुट्टीत ती कॅन्टीनमध्ये जात नसे. ती घरी जात असे.

साडेबाराला ती गेली, तर घर जागेवर नव्हतं. तिथं पांढरा ओला रंग होता आणि एक रंगारी सावलीला बसून डबा खात होता.

"ती व्हॅन होय? नऊलाच उचलून नेली," तो म्हणाला. "आधी ठोठावलं की. तीनदा ठोठावलं, हाका मारल्या. कुणी नव्हतंच आत."

उन्हानं डांबर चपलेला चिकटत होतं. नऊ ते साडेबारा. ठोठावलं म्हणजे पंखा बंद झाला. आणि कुलपात किल्ली फिरल्याशिवाय सासरेबुवा तो पुन्हा सुरू करणार नाहीत, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

मिळेल ती गाडी करून ती उचललेल्या गाड्यांच्या आवारात पोचली. पत्र्याचं कुंपण, आडवा दांडा, दांड्याशी एक रखवालदार आणि काउंटरमागे कारकून. इथं सूनबाई चुकली. खरं बोलले तर बाबांना नेतील, अशी भीती तिला वाटली. माझी गाडी द्या, एवढंच ती म्हणाली. कारकुनानं कागद मागितले. कागद गाडीत आहेत, असं तिनं सांगितलं. मग पत्ता सांगा, तो म्हणाला. तिनं भाड्याच्या जुन्या खोल्यांचा पत्ता सांगितला. त्यानं सावकाश लिहून घेतला, शिक्का शोधला, शाई संपली म्हणून दुसऱ्या टेबलावर गेला, आणि परत येऊन म्हणाला की गाडी उद्या सकाळी मिळेल. वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत ती नुसती हो म्हणत राहिली.

मग तिचा धीर सुटला.

"आत माझे सासरे आहेत," ती म्हणाली. "आम्ही राहतो त्या गाडीत."

कारकून दुष्ट नव्हता, वैतागलेला होता. इथं येणारा प्रत्येक जण असंच सांगतो, तो म्हणाला. कुणाचं औषध आत असतं, कुणाचं मांजर. सासरे मात्र पहिल्यांदाच ऐकतोय. तरी त्यानं रखवालदाराला बघून यायला पाठवलं. किल्ली सूनबाई देत होती, पण गाडी उघडायची नाही असा तिथला नियम होता, पुढे चोरीचा आळ नको म्हणून. रखवालदार गेला. व्हॅनच्या पत्र्यावर मूठ आपटल्याचा आवाज तिला इथवर ऐकू आला. ओ कुणी दिली नाही. तो परत आला आणि मान हलवून म्हणाला, "कुणी नाही, ताई. पाच वेळा ठोठावलं. आजोबा, आजोबा म्हणून हाकासुद्धा मारल्या."

सूनबाई दांड्याखालून घुसली. मागून कुणीतरी ओरडलं. ती गाड्यांच्या रांगांमधून धावत सुटली. पांढऱ्या गाड्या पुष्कळ होत्या, आणि आपलं घर बाहेरून इतर गाड्यांसारखंच दिसावं म्हणून तिनंच जिवाचं रान केलं होतं. तिसऱ्या रांगेत ते सापडलं. "बाबा!" तिनं हाक मारली. उत्तर नाही. उत्तर द्यायचं नाही हेही तिनंच सांगितलं होतं. किल्ली दोनदा निसटली, तिसऱ्यांदा फिरली.

दार सरकवताच आतली झळ तोंडावर आली. सासरेबुवा दोन पलंगांच्या मधे जमिनीवर, टाकीला पाठ टेकून बसले होते. तोंडात टॉवेल होता. चेहरा लालबुंद, सदरा घामानं चिकटलेला, धोतर ओलं. टाकी भरलेली होती, पण नळ सोडला की पंप वाजतो, म्हणून त्यांनी पाणीही घेतलं नव्हतं. हा नियम सूनबाईनं केला नव्हता. त्यांनी आपल्या मनानं जोडला होता.

तिनं टॉवेल ओढून काढला आणि हंबरडा फोडला. त्यांनी डोळे किलकिले केले. तिच्या खांद्यावरून त्यांना दारात उभे असलेले कारकून आणि रखवालदार दिसले. तेव्हा हात मोठ्या कष्टानं वर आला आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बोला, बाबा," ती म्हणाली. "मोठ्यानं बोला. आता चालतं."

रखवालदारानं आपल्या बाटलीतलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं आणि दोन घोट तोंडात सोडले. त्यातलं बरंचसं हनुवटीवरून ओघळलं. मी पाच वेळा ठोठावलं होतं हो, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. कारकुनानं रुग्णवाहिकेला फोन लावला. पत्ता विचारला तेव्हा आवाराचा दिला, आणि आजोबा राहतात कुठं असं विचारलं तेव्हा त्यानं सूनबाईकडे बघितलं. मग म्हणाला, "गाडीत." म्हणजे आता सगळ्यांना कळलं होतं. तो गोड बोलणारा अधिकारी येणार, हेही ठरलं.

सूनबाईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळानं त्यांच्या बोटांनी तिचा पदर ओढला. ती वाकली. त्यांचा श्वास ब्रेडच्या भट्टीसारखा गरम होता.

"आवाज बाहेर गेला नव्हता ना?" त्यांनी तिच्या कानात विचारलं. "आता नाही ना पाठवणार?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. "एकसुद्धा आवाज बाहेर गेला नाही."