गुरुवारची वखार

"तुम्हा लोकांत त्याला कोळशाची खोली म्हणतात ना?" चहाचा कप पुढे सरकवत वहिनींनी सहज विचारलं.

सहज कसलं, दोन दिवस घोळवून ठेवलेला प्रश्न होता तो. समोर बसलेला पियानोवाला त्यांच्या नवऱ्याचा बँडमधला जुना जोडीदार. नवऱ्याला जाऊन सहा महिने झाले होते. क्लबात त्याच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवला होता, त्यासाठी फोटो मागायला हा आला होता. वहिनींचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. वाजवणारे सगळे एका माळेचे मणी. गेलेल्या मित्राची बाजू सावरायला हा कशालाही 'हो' म्हणेल. म्हणून तर शब्द मुद्दाम चुकीचा टाकला होता.

"कोळशाची खोली? कशाला म्हणतात?"

"ते तुम्हीच सांगायचं."

पियानोवाल्यानं डोकं खाजवलं. "नाही हो वहिनी. असलं काही ऐकलेलं नाही."

वहिनी जराशा हिरमुसल्या. खोटं पकडायला जाळं लावावं आणि माणूस खरं बोलून मोकळा व्हावा, तसं झालं.

नवरा हॉटेलातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. गुरुवार सुट्टीचा. वहिनी इस्पितळाच्या शिवणखात्यात चादरी-गाऊन शिवायच्या, त्यांची सकाळपाळी. त्या दुपारी घरी आल्या की तो सॅक्सोफोनची पेटी उचलायचा आणि म्हणायचा, "वखारीत जाऊन येतो." लग्नानंतर लगेच एकदा त्यानं समजावलं होतं, की हा जॅझवाल्यांचा शब्द आहे, इंग्रजीत वुड-काहीतरी. त्यातलं 'वुड' तेवढं वहिनींच्या ध्यानात राहिलं. चौथ्या वर्षी त्या गुपचूप रेल्वे फाटकापलीकडच्या लाकडाच्या वखारीत जाऊन आल्या. मालक म्हणाला, "बाई, इथे करवतीशिवाय काही वाजत नाही." शेजारच्या शिक्षिकाबाईंनी कोश चाळला. वुडचे शब्द ढीगभर निघाले, त्यात गाण्याबजावण्याचा एकच, तोही फुंकायच्या वाद्यांचा; जागेचा एकही नाही.

शिवाय दर गुरुवारी नवरा परतायचा तो तोंड धुऊन, केस विंचरून. घरातून निघताना माणूस नीटनेटका होतो हे ठीक, पण परतताना? वहिनींनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग त्या उत्तराचं काय करायचं? अशी तेवीस वर्षं गेली.

आता मात्र त्यांनी सरळच विचारलं. "गुरुवारी दुपारी हे कुठे जायचे?"

"वखारीत," पियानोवाला चटकन म्हणाला.

"म्हणजे तुम्हालाही तेच सांगून ठेवलेलं."

"सांगायचं काय त्यात? वुडशेड. कुठल्याही जॅझवाल्याला विचारा. जे बोटांना येत नाही, ते घेऊन एकट्यानं कोंडून घ्यायचं. येईपर्यंत बाहेर पडायचं नाही. पूर्वी म्हणे लोक खरंच सरपणाच्या खोपटात बसून वाजवायचे, शेजाऱ्यांचे कान किटू नयेत म्हणून."

वुडशेड. हाच तो शब्द. पण शब्द खरा म्हणून माणूस खरा ठरत नाही.

"आणि यांचं खोपट कुठे होतं?"

पियानोवाला घुटमळला. वहिनींनी कान टवकारले.

"तुम्हाला सांगू नको म्हणाला होता."

"आता कोण रागवायला बसलंय?"

"बाजारामागे गादीवाला आहे ना, त्याच्या गोदामात." त्यानं कप खाली ठेवला. "हॉटेलात वाजवताना ऐकून तुम्ही त्याला पसंत केलंत म्हणे. तुमच्या कानावर आपली चूक पडू नये, एवढंच त्याला वाटायचं."

वहिनींनी फोटो काढून दिला, पण ऐकलेलं पदरात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या स्वतः बाजारामागे गेल्या.

गादीवाला म्हातारा होता. सॅक्सोफोनचं नाव काढताच त्यानं सुई थांबवली. "यायचे तर. गुरुवार चुकवला नाही. त्या गठ्ठ्यांमागे बसायचे. पाच-सहा सूर, तेच ते. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. सबंध गाणं काही मी त्यांचं ऐकलं नाही कधी."

"बरोबर कोण असायचं?"

"कोण येणार? माझी बायकोसुद्धा कंटाळून पुढे दुकानात जाऊन बसायची. निघताना अंगावरचा कापूस झटकायचे, नळावर तोंड धुवायचे. मी म्हणायचो, राहू द्या हो. तर म्हणायचे, घरी असंच जायचं नाही." मग त्यानं वर पाहिलं. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको."

म्हाताऱ्यानं एक स्टूल पुसून दिलं. वहिनी गठ्ठ्यांमागे जाऊन बसल्या. छतापर्यंत रचलेला कापूस. बाहेरचा बाजार बंद पडल्यासारखा झाला.

"घरी चुकला असतात तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. नेहमीच्याच आवाजात.

दोन हातांच्या अंतरावर म्हातारा टाके घालत होता. "काही म्हणालात?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमचं चालू द्या."