ओट्याखालचा क्नोडेल

रविवारी सकाळी अकरा वाजता मी स्वयंपाकघरात पालथी पडून बावीस स्क्रू मोजत होते. ओट्याखालच्या कपाटांना जमिनीलगत जी लांब फळी असते, ती जगातली सगळी माणसं नुसती दाबून बसवतात. हवी तेव्हा ओढून काढता यावी म्हणून. माझ्या नवऱ्याने, हेनिंगने, ती बावीस स्क्रूंनी ठोकली होती आणि वरून फटीत सिलिकॉन भरलं होतं. या घरात राहायला आलो तेव्हा जुन्या घरातलं अख्खं स्वयंपाकघर आम्ही बरोबर आणलं होतं, या देशात सगळेच आणतात, आणि ते पुन्हा उभं करताना त्याच्या अंगात विश्वकर्मा संचारला होता.

"पक्कं काम आहे," तो तेव्हा म्हणाला होता. होतंच. फक्त उजव्या कोपऱ्यात पाण्याच्या पाइपासाठी दोन बोटांची फट सोडली होती, आणि आमचा हॅमस्टर दोन बोटांपेक्षा जाड नव्हता.

हॅमस्टरचं नाव क्नोडेल. मूठभर जीव, शेपूट जवळजवळ नाहीच, गाल मात्र पोत्यासारखे. गुरुवारी संध्याकाळी हेनिंगने त्याला काकडीचा तुकडा दिला, फोन वाजला म्हणून वळला आणि पिंजऱ्याचं दार लावायचं विसरला. कपाटाला बावीस स्क्रू मारणारा माणूस एक कडी लावायला विसरतो, याला काय म्हणावं?

तीन दिवस आम्ही घर उपसत होतो. सगळ्या खोल्यांत पीठ पसरून ठेवलं, पावलं उमटतील म्हणून. उमटली ती हेनिंगची. तो चढून आत पडावा म्हणून बादलीत सूर्यफुलाच्या बिया टाकून तिला पुस्तकांच्या पायऱ्या लावल्या. सोफा उलटा केला, त्यात माझं हरवलेलं कानातलं सापडलं, आणि त्याचा आनंद झाला म्हणून मला माझाच राग आला.

कारण दुपारी साडेचारला मेर्ले परत येणार होती. आमची मुलगी, वय वर्षं नऊ. शरद ऋतूच्या सुट्टीत पोहण्याच्या क्लबबरोबर आठवडाभर शिबिराला गेली होती.

"एक सुचवू?" हेनिंग म्हणाला.

"नको."

"अगं, ऐकून तर घे. अगदी तसाच दुसरा..."

"आज रविवार आहे. सगळी दुकानं बंद. आणि उघडी असती तरी तुझं हे वाक्य मी पुरं होऊ दिलं नसतं."

त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला. कारण हा उद्योग आम्ही मागच्या वर्षी केला होता. मेर्ले आजीकडे असताना तिचा आधीचा हॅमस्टर मेला, आणि आम्ही शहाण्यांनी गुपचूप तसाच दुसरा, म्हणजे हा क्नोडेल, आणून ठेवला. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "याचा डावा पंजा पांढरा का नाही?" मी म्हटलं, थंडीत रंग बदलतो. डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं. मग तिने शाळेत विचारलं, पुस्तक आणलं, माझ्यापुढे उघडून ठेवलं, तरी मी रडत रडत तेच सांगत राहिले. तेव्हापासून ती माझी प्रत्येक गोष्ट तपासते. दूध संपलं म्हटलं तरी फ्रिज उघडून बघते. शिबिराला जाताना तिने माझा हात हातात घेऊन, मोठी माणसं व्यवहार करतात तशी, सांगितलं होतं, "काहीही झालं तरी खरं सांगायचं." मी हो म्हटलं होतं.

तर खरं सांगायचं ठरलंच होतं. प्रश्न एवढाच, की त्या खऱ्यात क्नोडेल जिवंत असणार की नाही.

बघायची राहिली होती ती फक्त त्या फळीमागची जागा. हेनिंग साध्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रू काढत होता, कारण इथे रविवारी आवाज करायला बंदी, ड्रिल चालवायचं नाही. प्रत्येक स्क्रू कुरकुर करत होता. पाचव्या स्क्रूला दारावरची बेल वाजली.

खालच्या मजल्यावरच्या होल्टग्रेवेबाई. राखाडी स्वेटर, पायात घरातल्या चपला, ओठ मिटलेले. या बाई आमच्या आवाजांची वही ठेवतात. तारीख, वेळ, किती मिनिटं, कसला आवाज. तीन वर्षांत ती वही दोनदा घरमालकाकडे जाऊन आली आहे. मेर्लेचा वाढदिवस तीत आहे. माझं शिंकणंसुद्धा असेल.

"आज रविवार आहे," त्या म्हणाल्या.

"मला कॅलेंडर वाचता येतं, बाई."

"स्क्रूचा आवाज येतोय. शिवाय गेले काही दिवस रात्री-बेरात्री तुमचं खरवडणं चाललंय. दुरुस्त्या करायच्या तर..."

"आम्ही खरवडत नाही!" मी इतक्या जोरात ओरडले, की ते नक्की वहीत गेलं असणार. "आमचा हॅमस्टर हरवलाय! माझी पोर साडेचारला येतेय आणि तो उंदीर मेलाय की जिवंत आहे ते मला माहीत नाही! लिहा, काय लिहायचं ते लिहा!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या केसांत पीठ होतं.

"कधीपासून?"

"गुरुवारपासून."

त्या वळल्या आणि जिना उतरून गेल्या. "झालं. आता घरमालकाला फोन," हेनिंग म्हणाला. पण दोन मिनिटांत त्या परत आल्या. हातात वही, नाकावर चष्मा. सरळ स्वयंपाकघरात शिरल्या आणि वाचायला लागल्या.

"गुरुवार रात्र, दोन दहा ते दोन पन्नास. खरवडणे, माझ्या शेगडीच्या वर. शुक्रवार, एक वाजता, सिंकच्या वर, पस्तीस मिनिटे. शनिवार पहाट, चार चाळीस, खिडकीकडचा कोपरा. हळू आवाज." त्यांनी पान उलटलं, परत मागे केलं. "त्यानंतर काही नाही. काल रात्री मी शांत झोपले."

सव्वा दिवस शांतता. तीन वर्षं ज्या वहीला मी शिव्या घातल्या, तिच्यात आणखी एक ओळ असावी असं मला इतकं वाटलं, की मी त्यांच्या हातातून ती ओढून घेणार होते.

"खिडकीकडचा कोपरा," बाई हेनिंगला म्हणाल्या. "असं एकेक काढत बसलात तर संध्याकाळ होईल. ड्रिल नाही का तुमच्याकडे? कापायचं यंत्र?"

"आहे. पण रविवारी..."

"तक्रार कोण करणार? या इमारतीत तक्रार मीच करते ना?"

हेनिंगने यंत्र आणलं. त्या आवाजाने वरचे, समोरचे, सगळे खिडकीत आले असतील. त्याने स्वतःचं पक्कं काम स्वतःच कापलं, चेहरा असा की आपलाच दात काढतोय. फळी सुटली. मी टॉर्च घेऊन आडवी झाले.

अगदी कोपऱ्यात, कुरतडलेल्या पुठ्ठ्याच्या ढिगात, तो होता. मी हात घातला. गार. कडक. पाय पोटाशी घेतलेले.

"गेला," हेनिंग म्हणाला, आणि जमिनीवर बसला.

"आणा इकडे," होल्टग्रेवेबाई म्हणाल्या. "बाहेरची भिंत आहे ही, गारठलाय. हे प्राणी गारठले की असेच पडतात." त्यांनी त्याला माझ्या हातातून घेतलं, स्वेटरच्या आत काखेपाशी धरलं आणि खुर्चीवर बसून राहिल्या. मी कॉफी विचारली, नको म्हणाल्या. वीस मिनिटं त्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या.

मग त्या ताडकन उठल्या आणि मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं असं काहीतरी बोलल्या. क्नोडेलने त्यांच्या बोटाचा कडकडून चावा घेतला होता. रक्त येत होतं. मी त्या रक्ताकडे बघून ढसाढसा रडले, आणि रडता रडता त्यांच्या बोटाला पट्टी लावली.

साडेचारला मेर्ले आली. ओले केस, खांद्यावर पिशवी. बूटही न काढता पिंजऱ्याशी गेली. क्नोडेल घरट्यात होता. वाळलेला, धुळीने करडा झालेला, एका कानाची कड फाटलेली. तिने बराच वेळ पाहिलं.

"हा तो नाही."

मी सगळं सांगितलं. कडी, पीठ, बादली, फळी, गारठा. एक अक्षर खोटं नाही. तिला कापलेली फळी दाखवली. सांगता सांगता मला पुन्हा रडू आलं.

मेर्ले शांतपणे म्हणाली, "मागच्या वेळीही तू अशीच रडली होतीस."

आणि ती दार उघडून खाली गेली. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले. खालची बेल वाजली, दार उघडलं, बोलणं ऐकू आलं नाही. पाच मिनिटांनी ती परत वर आली, थेट पिंजऱ्याजवळ बसली आणि जाळीतून बोट आत घालून म्हणाली, "क्नोडेल, किती बारीक झालास रे."

"म्हणजे पटलं?" मी विचारलं.

"हो. होल्टग्रेवेबाई म्हणाल्या तोच आहे."

"आणि मी तेच सांगत होते, ते?"

ती वळलीसुद्धा नाही. "आई, त्या कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीत."

मी तिच्याशी नऊ वर्षं तिला बरं वाटावं म्हणूनच बोलत आले होते. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले, आणि पिंजऱ्याची कडी नीट लागली आहे ना, ते ओढून पाहिलं.