हेडमास्तरांच्या म्हशीचं गवत

आम्ही दोघी जावा मिरची तोडत होतो, तेवढ्यात हेडमास्तर बांधावर येऊन उभे राहिले. मोटारसायकल बंदसुद्धा केली नाही.

"तुमच्या पोरीची जीभ फार चालायला लागलीय," थोरल्या जाऊबाईंना म्हणाले.

झालं होतं असं. बाहेरगावच्या एक बाई सर्व्हे करायला शाळेत आल्या होत्या. शाळा आवडते का, मोठं होऊन काय व्हायचंय, असं एकेका पोराला विचारत होत्या. हेडमास्तरांनी आधीच पढवून ठेवलेलं. शाळा फार आवडते म्हणायचं, डॉक्टर व्हायचंय म्हणायचं. सगळी पोरं पोपटासारखी तेच बोलली. आमची पोरगी तेवढी म्हणाली, "नाही आवडत. गणिताच्या तासाला सर आम्हाला त्यांच्या म्हशीचं गवत कापायला पाठवतात."

"उद्या बाई परत येतायत," मास्तर पुढं म्हणाले. " खोटं बोलले म्हणून सांगू दे. नाहीतर दाखला कसा मिळतो ते बघतोच."

जाऊबाईंनी टोपली खाली ठेवली. "गवत कापायला लावता का नाही, तेवढं बोला."

"मी काय सांगतोय..."

"आणि मी काय विचारतेय?"

मास्तर धूळ उडवत गेले.

घरी भावोजी उखडले. "त्याच्याशी वाकडं घेऊन पोर शिकणार कुठं? माफी मागून मोकळी हो म्हणावं."

"विळ्यानं बोट कापलं तिचं, तेव्हा माफी कोणी मागितली?" जाऊबाई म्हणाल्या. पोरगी खाली मान घालून जेवत राहिली.

सकाळी शेत सोडून आम्ही दोघी शाळेत गेलो.

"पालकांचं इथं काय काम?" मास्तर गुरगुरले.

"पोरांना कामाला लावता, तसं आम्हालाही लावा," म्हणत जाऊबाईंनी वर्गाच्या दारातच बसकण मारली.

बाईंनी पोरीला पुन्हा विचारलं. तिनं एकदा दाराकडे, आईकडे बघितलं. आवाज स्पष्ट आला. "काल बोलले ते खरंच होतं."

"आणि मोठी होऊन काय होणार?"

"ते ठरलं नाही अजून. पण सरांचं गवत कापणार नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "मी पण नाही." मग आणखी दोघं बोलली. मास्तरांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

बाई गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. मास्तरांचं कुणी काही वाकडं केलं नाही. येताजाता ते आमच्या दाराकडे बघून थुंकतात. भावोजी अजून आम्हा दोघींशी धड बोलत नाहीत.

थुंकू देत. गणिताचा तास आता रोज होतो.